बौद्धवाडीचा रस्ता पावसाने नेला की व्यवस्थेने?

पावसाळा सुरू झाला की वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर महामार्ग येतो, लोकल रेल्वे येते, धरणांची टक्केवारी येते. घाटात दरड कोसळली तर वाहिन्यांचे कॅमेरे काही तासांत तेथे पोहोचतात. परंतु डोंगरउतारावरच्या एखाद्या बौद्धवाडीचा रस्ता एका रात्रीत वाहून गेला, तर त्याची बातमी होत नाही. झालीच तर आतल्या पानावर चार ओळी येतात. अतिवृष्टीने रस्ता खचला, ग्रामस्थांची गैरसोय! या 'गैरसोय' शब्दाखाली किती गोष्टी दडपल्या जातात, याचा विचार करणारे आमच्या समाजाबाहेर फार थोडे आहेत.

हा रस्ता म्हणजे काय, हे आधी समजून घेतले पाहिजे. खालच्या गावठाणातून किंवा मुख्य डांबरी रस्त्यापासून निघालेली, चढणीची, अर्ध्या-पाऊण किलोमीटरची ही वाट असते. कोठे जुनी पाखाडी, कोठे मुरूम टाकलेला, कोठे सिमेंटचा पट्टा. याच एका वाटेने मुले शाळेत जातात, रेशनचे धान्य वर येते, गॅसची टाकी येते. याच वाटेने बाळंतीण आणि सर्पदंश झालेला माणूस खाली दवाखान्यात जातो आणि शेवटी माणसाची अंत्ययात्राही याच वाटेने निघते. या वाटेला पर्यायी वाट नसते. ती तुटली की रिक्षा खालीच थांबते, टेम्पोवाला वर येण्यास नकार देतो आणि आजाऱ्याला झोळीत घालून चार माणसे चिखलातून उतरवतात. ज्या वाडीतील तरुण पोरे मुंबई-पुण्याला पोटासाठी गेलेली आहेत, तेथे झोळी उचलायला चार खांदेसुद्धा गोळा करावे लागतात. याला गैरसोय म्हणायचे असेल, तर जगण्याला काय म्हणायचे?

पाऊस जात विचारून पडत नाही, असे आम्हांला सांगितले जाते. ते आम्हांलाही मान्य आहे. परंतु रस्ता कोठून काढायचा, त्याला गटार द्यायचे की नाही, संरक्षक भिंत बांधायची की नाही, तो दप्तरात नोंदवायचा की नाही, हे पाऊस ठरवत नाही. ते माणसे ठरवतात आणि या देशातील माणसे ठरवताना जात विसरत नाहीत.

आता हा रस्ता वाहून कसा जातो ते पाहू. कोकणात पाऊस नवा नाही. वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस येथे पडतो. सरकारी भाषेत चोवीस तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा अधिक पाऊस झाला की अतिवृष्टी म्हणतात. असा पाऊस कोकणात एकाच हंगामात अनेकदा होतो. म्हणजे अतिवृष्टी हा येथला नियम आहे. नियमाने येणाऱ्या पाहुण्याची तयारी करायची नाही आणि तो आला की 'नैसर्गिक आपत्ती' म्हणून हात झटकायचे, ही कोणती प्रशासनाची रीत? पावसाचे स्वरूप अलीकडे अधिक उग्र झाले आहे, हेही खरे. जुलै २०२१ मध्ये महाबळेश्वरात एका दिवसात सुमारे ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. पण पाऊस उग्र झाला असेल तर रस्त्याची बांधणी अधिक पक्की हवी. प्रत्यक्षात ती अधिकाधिक कच्ची होत आहे.

डोंगरउतारावरच्या रस्त्याला सर्वांत मोठा धोका असतो तो वरच्या अंगाने वाहत येणाऱ्या पाण्याचा. डोंगराचे पाणी शेकडो वर्षे आपापल्या पऱ्ह्याने, व्हाळाने खाली जात असते. रस्ता आडवा आला की ते अडते. त्याला डोंगराच्या बाजूने गटार काढून दिले आणि ठरावीक अंतरावर रस्त्याखालून मोरी टाकून पलीकडे सोडले, तर रस्ता टिकतो. गटार नसेल, तर रस्ताच गटार होतो. पाणी चाकोरीतून धावते, कडेची माती नेते, मग सिमेंटच्या पट्ट्याखालचा भराव पोखरते. वरून पट्टा शाबूत दिसतो आणि खाली पोकळी झालेली असते. एखाद्या रात्री तो तुकडे होऊन दरीत जातो. रस्ता रुंद करण्यासाठी जेसीबीने डोंगराचा पायथा उभा कापलेला असतो आणि कापलेली माती खालच्या अंगाला नुसती ढकललेली असते. ती दाबलेली नसते, तिला भिंतीचा आधार नसतो. पाणी मुरले की अशी माती चिखल होऊन सरकते. भिंत बांधली असलीच तर तिच्यात पाणी निघायला भोके ठेवलेली नसतात. मागे पाणी साठते आणि भिंतच रस्त्याला घेऊन खाली बसते.

यात न कळण्यासारखे काही नाही. जुन्या लोकांनी बांधलेल्या पाखाडीच्या कडेला पाण्याची वाट असे आणि पावसाआधी वाडीतील माणसे ती साफ करीत. आज अंदाजपत्रकात सिमेंट असते, खडी असते, सळी असते. नसते ते गटार. कारण गटाराचे उद्घाटन होत नाही! पांढरा स्वच्छ सिमेंटचा पट्टा मार्चअखेर तयार होतो, त्यावर उभे राहून छायाचित्र निघते, बिल निघते आणि ऑगस्टपर्यंत पट्टा निघतो.

मूळ प्रश्न मात्र यापेक्षा जुना आहे. बौद्धवाडी डोंगराच्या उतारावर किंवा नदीच्या काठावर का असते? गावाच्या मधोमध का नसते? कोकणात खोतीची पद्धत होती. सपाट, पाण्याखालची, चांगली जमीन कोणाकडे होती आणि वरकस, खडकाळ, उताराची जमीन कोणाच्या वाट्याला आली, हे प्रत्येक गावात आजही डोळ्यांनी दिसते. गावकुसाबाहेर घालवलेल्या माणसांनी जेथे कोणी हरकत घेणार नाही तेथे घरे बांधली. हरकत घेण्याजोगी जमीन नसे ती उताराची, व्हाळाकाठची, कड्याखालची. बाबासाहेबांनी १९३७ साली मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले, १९३८ च्या जानेवारीत शेतकऱ्यांचा मोर्चा विधिमंडळावर नेला. पुढे १९४९ च्या कायद्याने खोती गेली. पण खोतीने आखलेला गावाचा नकाशा गेला नाही. आज डोंगर सरकतो तेव्हा त्या नकाशाप्रमाणेच माणसे मरतात.

हे आम्ही अतिशयोक्तीने बोलत नाही. २२ जुलै २०२१ ची रात्र आठवा. त्या रात्री रत्नागिरी जिल्ह्यात खेड तालुक्यातील पोसरे येथील बौद्धवाडीवर डोंगर आला. १७ माणसे गेली. चिपळूण शहर त्या वेळी वाशिष्ठीच्या पुरात बुडाले होते, जिल्ह्याचे रस्ते तुटले होते. त्याच दिवशी महाड तालुक्यातील तळिये येथे दरडीखाली ऐंशीहून अधिक माणसे गाडली गेली आणि बचावपथक पोहोचायला दुसरा दिवस उजाडला. तळियेची बातमी देशभर गेली आणि ती जायलाच हवी होती. पोसरेच्या बौद्धवाडीचे नाव किती लोकांच्या लक्षात आहे? आमच्याच समाजात किती जणांच्या लक्षात आहे? हा प्रश्न आम्ही स्वतःलाही विचारतो.

दरड फक्त बौद्धांवर कोसळते असा आमचा दावा नाही. तळियेत दुसऱ्या समाजाची माणसे गेली. पुणे जिल्ह्यातील माळीण हे आदिवासींचे गाव ३० जुलै २०१४ रोजी गाडले गेले आणि १५१ माणसे मृत्युमुखी पडली. रायगड जिल्ह्यातील इरशाळवाडी ही ठाकर आदिवासींची वाडी १९ जुलै २०२३ च्या रात्री दरडीखाली गेली. २७ मृतदेह हाती आले, ५७ माणसे बेपत्ता राहिली. ही सर्व माणसे आमची आहेत. त्यांच्या मरणाला जातीच्या रकान्यात घालण्याचा आमचा हेतू नाही. आम्हांला दाखवायचे आहे ते हे की, या प्रत्येक ठिकाणी रस्त्याने जगण्या-मरण्याचा निकाल दिला आहे.

माळीणची बातमी जगाला कशी कळली? त्या रस्त्याने जाणाऱ्या एसटीच्या चालकाला गावाच्या जागी चिखल दिसला, म्हणून कळली. एसटी जात होती, म्हणून निदान बातमी बाहेर आली. इरशाळवाडीला रस्ताच नव्हता. पायथ्यापासून तास-दीड तासाची चढण. यंत्रे वर नेता येईनात, हवामानामुळे हेलिकॉप्टर उतरेना. माणसांनी कुदळी-फावड्यांनी माती उपसली. मदतीला निघालेला नवी मुंबईच्या अग्निशमन दलाचा एक अधिकारी चढतानाच हृदयविकाराच्या झटक्याने गेला. ज्या वाडीला माणूस जिवंत असताना रुग्णवाहिका पोहोचत नव्हती, तेथे ढिगाऱ्याखालच्या माणसासाठी जेसीबी कोठून पोहोचणार? दरडप्रवण गावांच्या यादीतही ती वाडी नव्हती, असे सरकारनेच विधिमंडळात सांगितले. जी वाडी रस्त्यावर नाही, ती यादीतही नाही!

तेव्हा प्रश्न असा की हा रस्ता आहे कोणाचा? तो खचला की वाडीतील माणसे ग्रामपंचायतीत जातात. ग्रामपंचायत म्हणते, आमच्याकडे एवढा निधी नाही, जिल्हा परिषदेत जा. जिल्हा परिषदेचा बांधकाम विभाग विचारतो, या रस्त्याला क्रमांक आहे का? क्रमांक नाही, म्हणजे तो ग्रामीण मार्ग नाही. म्हणजे दुरुस्तीच्या यादीत तो येत नाही. काही भाग वनखात्याच्या हद्दीतून जातो, तेथे वनखाते अडवते. उरलेला भाग खासगी जमिनीतून जातो. त्या जमिनीचा सातबारा सामाईक, त्यावर पंधरा-वीस नावे, निम्मी माणसे मुंबईत, काही मयत, वारसनोंद झालेली नाही. संमतीपत्र आणा, बक्षीसपत्र आणा, असे साहेब सांगतात. तीन पिढ्या ज्या वाटेने चालल्या, ती वाट कागदावर अस्तित्वातच नाही. मग अतिवृष्टीनंतर पंचनामा कशाचा करायचा? जे कागदावर नव्हते ते वाहून गेले, असे तलाठी कसे लिहिणार?

ग्रामपंचायतीच्या दप्तरात नमुना क्रमांक २३ नावाची नोंदवही असते. तिच्यात पंचायतीच्या ताब्यातील रस्त्यांची नोंद करायची असते. आमच्या किती कार्यकर्त्यांनी ही वही उघडून पाहिली आहे? बौद्धवाडीचा रस्ता तिच्यात आहे का, असला तर त्याची लांबी-रुंदी किती लिहिली आहे, हे किती जणांना माहीत आहे? सभागृहात घोषणा देणे सोपे आहे. ही वही मागणे अवघड वाटते, कारण ती मागितली की गावातल्या सत्तेशी थेट गाठ पडते.

योजनांचीही तीच कथा. प्रधानमंत्री ग्रामसडक योजना २००० साली सुरू झाली. तिचा मूळ निकष असा की सपाट प्रदेशात पाचशे लोकवस्तीचे आणि डोंगरी राज्ये, आदिवासी क्षेत्रे, वाळवंटी भाग येथे अडीचशे लोकवस्तीचे गाव जोडायचे. बारमाही रस्त्यापासून सपाटीवर पाचशे मीटरच्या आत आणि डोंगरात दीड किलोमीटरच्या आत असलेली वस्ती जोडलेलीच आहे, असे धरायचे. आता आमची बौद्धवाडी पाहा. घरे तीस-चाळीस. खालच्या डांबरी रस्त्यापासून अंतर चारशे मीटर, पण ते चारशे मीटर उभ्या चढणीचे. कागदावर ही वाडी 'जोडलेली' आहे. पावसाळ्याचे चार महिने ती तुटलेली असते, पण कागद तसा म्हणत नाही. अंतर मोजणाऱ्याने चढ मोजला नाही.

मग उरते दलित वस्ती सुधार योजना. आज तिचे सरकारी नाव लांबलचक आहे, पण वाडीत लोक याच नावाने ओळखतात. तिच्यात वस्तीच्या लोकसंख्येप्रमाणे निधीची मर्यादा ठरते. सपाटीवरच्या वस्तीला आणि डोंगरावरच्या वस्तीला डोकी सारखी असतील तर पैसाही सारखाच. डोंगरावरच्या रस्त्याला भिंत लागते, मोऱ्या लागतात, सामान वर नेण्याचा खर्च लागतो. तो मर्यादेत बसत नाही म्हणून भिंत आणि मोरी कापली जाते आणि नुसता पट्टा टाकला जातो. दोन-तीन पावसाळ्यांनी तो गेला की उत्तर तयार असते. तुमच्या वस्तीला या कामासाठी निधी दिला आहे, पुन्हा मिळणार नाही! आमच्या नावावर पैसा खर्च झाल्याची नोंद राहते आणि आमच्या पायांखाली चिखल राहतो. डिसेंबर २०२० मध्ये राज्य सरकारने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. आम्ही त्याचे स्वागतच करतो. परंतु पाटीवर समतानगर लिहून त्या पाटीपर्यंत जाणारी वाट तशीच ठेवायची असेल, तर समता फक्त पाटीवर राहील.

याउलट दुसरे चित्र पाहा. मुंबई-गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणात चिपळूणजवळच्या परशुराम घाटात डोंगर कापला गेला. तेथे दरडीचा धोका निर्माण झाला तेव्हा २०२२ च्या उन्हाळ्यात घाट दररोज काही तास बंद ठेवून कामे करण्यात आली. पर्यायी मार्ग ठरले, यंत्रसामग्री आली. ते झाले हे योग्यच झाले. आमचे म्हणणे एवढेच की, ज्या राज्याला घाटातील डोंगर सावरण्याचे तंत्र ठाऊक आहे, त्याला चारशे मीटरच्या वाडीच्या रस्त्याला गटार कसे काढावे हे ठाऊक नाही, असे कोणी सांगू नये. ज्ञान कमी पडत नाही, इच्छा कमी पडते.

येथे चळवळीच्या वाचकांना आम्ही एक आठवण देऊ इच्छितो. १९२३ साली रावबहादूर बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात मंजूर झाला. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले करावेत, असा तो ठराव होता. महाड नगरपालिकेने त्याप्रमाणे तळे खुले केले, पण कागदावर. प्रत्यक्ष हक्क बजावण्यासाठी २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांना हजारो माणसांसह चवदार तळ्यावर जावे लागले. कागदावर मिळालेला हक्क आणि पायाखालचा हक्क यांत किती अंतर असते, हे महाडने आम्हांला शिकवले. त्याच महाड तालुक्यात २००५ च्या जुलैत दासगाव, जुई, रोहन, कोंडिवते येथे दरडी कोसळल्या आणि २०२१ मध्ये तळिये गेले. तळ्याच्या पाण्याचा लढा देणाऱ्या मातीत आज डोंगराच्या पाण्याचा प्रश्न उभा आहे.

संविधानाच्या अनुच्छेद १५ च्या दुसऱ्या खंडात विहिरी, तलाव, स्नानघाट यांच्याबरोबर 'रस्ते' हा शब्द आहे. तो तेथे सहज आलेला नाही. ज्यांना रस्त्याने चालण्याची बंदी होती, त्यांचा इतिहास त्या शब्दामागे आहे. आज रस्त्यावर बंदीची पाटी नाही. पण आमच्या वस्तीचा रस्ता बांधायचाच नाही, बांधला तर टिकू द्यायचा नाही आणि टिकला नाही तर दुरुस्त करायचा नाही, याचा परिणाम बंदीपेक्षा वेगळा कसा? जिवंत वाटेवर कोणी मुद्दाम कुंपण घातले, दगड टाकले, तर अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे. निष्काळजीपणाने वाट मरू दिली, तर कोणता कायदा आहे?

त्याचेही उत्तर आहे आणि ते आपल्या कार्यकर्त्यांनी पाठ केले पाहिजे. हिमाचल प्रदेशात सिमला भागातील डोंगराळ गावांच्या गरीब, बहुतांश दलित रहिवाशांनी आपला रस्ता अर्धवट सोडल्याची तक्रार पत्राने उच्च न्यायालयाकडे केली. न्यायालयाने पत्रालाच याचिका मानले. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले. हिमाचल प्रदेश राज्य विरुद्ध उमेद राम शर्मा या खटल्यात १९८६ साली सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले की, डोंगरात राहणाऱ्यांसाठी रस्ता मिळणे म्हणजे जगणेच मिळणे होय. अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्कात तो येतो. सरकारच्या आर्थिक मर्यादेचाही विचार न्यायालयाने केला, हे आम्ही लपवत नाही. पण रस्ता ही मेहेरबानी नसून हक्क आहे, हे तत्त्व प्रस्थापित झाले. ते एका पत्राने झाले! सिमल्याच्या डोंगरातील गरीब माणसे जे करू शकली, ते कोकणातल्या, सह्याद्रीतल्या शिकलेल्या समाजाला का जमू नये?

हा प्रश्न फक्त खेड्याचा नाही. मुंबईत घाटकोपर, विक्रोळी, भांडुप, चेंबूर येथे टेकडीच्या उतारावर राहणाऱ्यांत आमचा समाज मोठ्या संख्येने आहे. जुलै २००० मध्ये घाटकोपरला टेकडी खचून अनेक माणसे गेली. १८ जुलै २०२१ रोजी चेंबूरच्या वाशीनाका भागात भिंत कोसळून १९ माणसे मेली. तेथेही वर जाणारी एकच चिंचोळी पायऱ्यांची वाट, तिच्यातूनच सांडपाणी आणि पावसाचे पाणी. गावच्या डोंगरावरून निघालेला आमचा माणूस शहरात आला, तोही डोंगरावरच गेला.

आता थोडे स्वतःकडे पाहू. सगळा दोष प्रस्थापितांवर टाकून मोकळे होणे आम्हांला पटत नाही. वस्तीसाठी निधी आला की आपण पहिल्यांदा काय मागतो? प्रवेशद्वाराची कमान मागतो, समाजमंदिराचा मजला मागतो. त्या गोष्टींचे मोल आम्ही जाणतो. पण कमानीपर्यंत माणूस सुखरूप पोहोचला पाहिजे, ही मागणी आधीची आहे. रस्त्याचे काम निघाले की ठेका कधी आपल्याच कार्यकर्त्याला मिळतो आणि गटार तोच गिळतो. त्याला जाब विचारताना मात्र आपली जीभ अडखळते. गावच्या मुंबई मंडळातील चाकरमानी वर्गणी काढतात, उन्हाळ्यात गावी येऊन श्रमदान करतात, ही आपल्या समाजाची मोठी ताकद आहे. पण सरकारने करायचे काम दर वर्षी आपल्या घामाने करून आपण सरकारला मोकळे तर करीत नाही ना? श्रमदान जरूर करावे. त्याबरोबर खर्च आणि तास लिहून ग्रामसभेत मांडावेत, म्हणजे ते कोणाची जबाबदारी होती याची नोंद राहील.

आणखी एक गोष्ट. हा रस्ता बहुधा एकट्या बौद्धवाडीचा नसतो. त्याच वाटेने वरची कुणबीवाडी जाते, त्यापलीकडचा धनगरवाडा जातो. रस्ता वाहून गेला की तिघांचीही मुले घरी बसतात. पण दुरुस्तीची मागणी तिघे तीन पुढाऱ्यांकडे स्वतंत्रपणे नेतात आणि तिघेही रिकाम्या हाताने परततात. सामाईक वाटेचे असेच होते, सर्वांची म्हणून कोणाचीच नाही. १९३८ च्या मोर्चात कुणबी आणि महार कुळे एकत्र चालली होती. खोताविरुद्ध एकत्र येणारे त्यांचे नातू एका मोरीसाठी एकत्र येऊ शकत नसतील, तर बहुजन हा शब्द आपण भाषणापुरताच ठेवला आहे, असे म्हणावे लागेल.

म्हणून प्रत्येक गाव शाखेने पावसाळ्याआधी काही साधी कामे हाती घ्यावीत, असे आम्ही सुचवतो. नमुना क्रमांक २३ ची नक्कल मागावी, मिळाली नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज करावा. रस्ता नोंदलेला नसेल तर १ मेच्या ग्रामसभेत नोंदीचा ठराव मांडावा आणि जिल्हा परिषदेकडे क्रमांकाची मागणी पाठवावी. वहिवाटीची वाट कोणी अडवली असेल तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ खाली तहसीलदाराकडे दावा करता येतो. मात्र तो सहा महिन्यांच्या आत करावा लागतो, हे विसरू नये. २०२५ मध्ये शेतरस्त्यांची नोंद सातबाऱ्याच्या इतर हक्कांत करण्याचा निर्णय सरकारने घेतला. बैलगाडीच्या वाटेची नोंद होऊ शकते, तर माणसांच्या वाडीच्या वाटेची का नाही, हे विचारावे. अंदाजपत्रकात गटार, मोऱ्या आणि पाणी निघणारी भिंत नसेल तर काम सुरूच होऊ देऊ नये. अर्धा रस्ता पक्का झाला तरी चालेल, पण तो पाण्यासकट झाला पाहिजे. लोकसंख्येबरोबर चढणीचाही विचार करून निधी द्यावा, अशी मागणी आपल्या पक्षांनी विधिमंडळात लावून धरावी. आणि नुकसान झालेच तर पंचनाम्याच्या वेळी २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यातील कलम ६१ दाखवावे. मदतीत जातीवरून भेदभाव करता येणार नाही, असे ते कलम सांगते.

काही वस्त्या अशाही आहेत की जेथे रस्ता बांधण्यापेक्षा वस्तीच सुरक्षित जागी नेली पाहिजे. डोंगराला भेगा पडल्या आहेत, झाडे कलली आहेत, जेथे कधी झरा नव्हता तेथे गढूळ पाणी फुटते आहे, अशी चिन्हे दिसली तर वाट पाहू नये. पण पुनर्वसन म्हणजे पुन्हा गावकुसाबाहेरचा दुसरा उतार, हे आपण मान्य करता कामा नये. गावठाणाजवळची सपाट जमीनच मागितली पाहिजे. आजवर जी जमीन आपल्याला नाकारली गेली, तीच सुरक्षित आहे, हे दरडींनी सिद्ध केले आहे.

पाऊस दर वर्षी येणार. डोंगर आहे तेथेच राहणार. वाडीतली म्हातारी माणसे पहिल्या सरीपूर्वी विळा-खोरे घेऊन पाण्याची वाट मोकळी करायला जाणार. त्यांच्या हाती या वर्षी खोऱ्याबरोबर ग्रामसभेच्या ठरावाची प्रतही असली पाहिजे. ती कोण मिळवून देणार, याचे उत्तर शिकलेल्या पिढीने द्यायचे आहे.

जयभीम.